मीठ न पिकणारी गुहा

वाळू संपून काळे, सुरीसारखे खडक सुरू झाले तिथे भावजी थांबले. छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाले, "वहिनी, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"दीड तास उन्हातून चालवलंत तेव्हा नाही रागावले. आता काय नव्याने रागावू? विचारा."

"मिठागरावर नवा माणूस घेतात तो साधारण काय वयाचा घेतात हो?"

वहिनी खडकावर टेकल्या, चपलेत गेलेला खडा काढायच्या निमित्ताने मान खाली घातली. भावजींकडे बघितलं की हसावं की रडावं तेच कळत नसे. चोपन्न वर्षांचा काटकुळा माणूस, खांद्याला कंदील, डोक्यावर छत्री आणि नाकावर दोन काळे चष्मे, एकावर एक. एकाने भागत नाही म्हणून दुसरा. ज्याने एकतीस वर्षं सगळे दिवस गुहेत काढले त्याला ऊन सोसणार कसं? डोळ्यांतून घळाघळा पाणी येई. डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, उजेडापासून जपा, नाहीतर डोळे जातील. आणि अशा माणसाची बदली व्हायची होती मिठागरावर! वर सूर्य, खाली पांढऱ्याशुभ्र मिठाचा आरसा, सावलीला म्हणून एक झुडूप नाही.

व्हायची होती म्हणजे, आज ठरायचं होतं. ओहोटी पुरी झाली की मीठ खात्याचा निरीक्षक होडीने गुहेशी येणार होता. गुहेतून मीठ निघत नाही असं त्याला दिसलं की गुहेला कुलूप आणि भावजी मिठागरावर, असा कागद आला होता.

आता गुहेतून मीठ कधीच निघालं नव्हतं. चुनखडीच्या डोंगरातली गुहा ती, मीठ कुठून निघणार? पण मीठ खात्याला ती आपली वाटू लागली होती, आणि ती तशी वाटायला वहिनींचा एक शब्द कारण झाला होता. रात्रंदिवस तेच डोक्यात. सकाळी देवापुढे दिवा लावतानाही त्यांच्या तोंडी प्रार्थनेऐवजी तोच शब्द आला आणि त्यांनी जीभ चावली.

"चला," त्या उठल्या. "साहेब आधी पोचला तर कुलूपही स्वतःच लावून मोकळा होईल."

"त्याच्याकडे कुलूप असेल का?"

"मीठवाला आहे तो. गंजकं का होईना, असेल."

भावजी हसले, पण ते दोन चष्म्यांच्या खालीच. वर काही पोचलं नाही.

भावजी म्हणजे वहिनींच्या यजमानांचे धाकटे भाऊ. यजमान गेल्यावरही मागच्या खोलीत राहत होते. गावात त्यांना सगळे थेंबे म्हणत. हे त्यांचं आडनाव नव्हे, पण पोस्टमनसुद्धा पत्रावरचं खरं नाव वाचून विचारात पडायचा आणि मग म्हणायचा, "अच्छा, थेंब्यांचं होय!"

ते मूळचे पाणीपुरवठ्याकडे नळ दुरुस्त करायला. तेवीस वर्षांचे होते तेव्हा कुणा प्रवाशाने गुहेतल्या अभिप्राय-वहीत लिहिलं, "गुहा सुंदर, पण फार गळते. लक्ष द्यावे." वही वर गेली. वरच्यांनी 'गळते' एवढंच वाचलं आणि कागद पाणीपुरवठ्याकडे ढकलला. पाणीपुरवठ्याने भावजींना पाना, तागाचा दोरा आणि सफेद्याचा डबा देऊन गुहेत पाठवलं.

भावजींनी वर पाहिलं. छताला दगडाचे झुबके लोंबत होते, एकेकाच्या टोकाला एकेक थेंब. खाली जिथे थेंब पडत होता तिथून दुसरा दगड वर उठलेला. त्यांनी प्रामाणिकपणे मोजून कळवलं, "चारशे अकरा ठिकाणी गळते. वरून कॉक बंद करावा लागेल." उत्तर आलं, "कॉक शोधावा." त्यांनी डोंगर पालथा घातला आणि कळवलं, "कॉक सापडत नाही." उत्तर आलं, "सापडेपर्यंत तेथेच थांबावे."

ते थांबले. त्या थांबण्यालाच पुढे पगार सुरू झाला. कागदोपत्री त्यांचं पद होतं 'गळती निवारक (हंगामी)'.

सुरुवातीला त्यांनी एक थेंब बंद करूनही पाहिला. शिडी लावून, ताग गुंडाळून, सफेदा फासून. दुसऱ्या दिवशी गेले तर खालचा दगड कोरडा पडलेला. कालपर्यंत ओला, चकाकणारा, लोण्यासारखा, आणि आज? "आईने पाजायचं विसरावं ना वहिनी, तसा दिसत होता," असं ते सांगायचे. त्यांनी दाभणाने सगळा ताग उकरून काढला, थेंब पुन्हा पडेपर्यंत खाली उभे राहिले, आणि तो कपाळावर पडला तेव्हा मोठ्याने "माफ करा" म्हणाले. त्यानंतर कॉक शोधायचं त्यांनी सोडून दिलं. वर मात्र दर सहा महिन्यांनी कळवत राहिले, "शोध चालू आहे."

लग्न ठरवायला गेले तेव्हा मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?" हे म्हणाले, "गळतं ते बघतो." "आणि मग?" "मग काही नाही. बघतो." तिथे बोलणं संपलं. यजमानांनी घरी येऊन कपाळाला हात लावला. वहिनींना मात्र तो माणूस खोटं बोलला नाही याचंच बरं वाटलं होतं.

घरी स्वयंपाकघरातला नळ पंधरा वर्षं ठिबकत होता. नळ दुरुस्त करणारा दीर घरात असून! वहिनी म्हणायच्या, "भावजी, एक वायसर बदला हो." ते खाली वाकून बादलीच्या तळाशी धरलेला पांढरा थर बघायचे आणि म्हणायचे, "थांबा वहिनी, आत्ता कुठे सुरुवात झालीय."

तर असे भावजी. आणि वहिनी म्हणजे शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाई. गुहेच्या तोंडाशी नवा फलक लावायचं ठरलं तेव्हा अक्षर चांगलं म्हणून काम त्यांच्याकडे आलं. भावजी म्हणाले होते, "सरळ लिहा ना, 'दगडाची झुंबरं'." पण वहिनींच्यातली बाई जागी झाली. झुंबरं कसली? पाठ्यपुस्तकात शब्द आहे. त्यांनी ठसठशीत अक्षरांत लिहिलं: "येथे अधोमुखी व ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ पाहावयास मिळतील."

इथे लवण म्हणजे क्षार. चुन्याचा क्षार साचून झालेला खांब तो लवणस्तंभ. त्यांना वाटलं, इतकं तर कुणालाही कळेल.

पहिल्या आठवड्यातच लोक खांब चाटायला लागले.

"लवण म्हणजे मीठ ना?" म्हणत चांगली शिकलेली माणसं जीभ लावून बघायची आणि मग एकमेकांकडे बघून म्हणायची, "नाही बुवा. फसवणूक आहे." भावजींनी खाली पाटी लावली, "खांब चाटू नयेत." त्याने उलटंच झालं. ज्यांच्या मनातही नव्हतं त्यांना सुचलं. तोंडाच्या उंचीवरचा एक खांब तर असा गुळगुळीत झाला की भावजी रोज त्याला ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे आणि त्याची समजूत काढायचे.

मग कधीतरी वरच्या कार्यालयात सगळ्या फलकांची यादी झाली, आणि कुणा कारकुनाने शब्द बघून ज्या त्या गोष्टी ज्या त्या खात्याला वाटल्या. लवणस्तंभ मीठ खात्याकडे. गुहा एक, फलक एक, कर्मचारी एक, असे वर्ग झाले. दर महिन्याला छापील कागद यायला लागला: "मासिक उत्पादन कळवावे." भावजी कळवायचे, "थेंब नियमित पडत आहेत." सहा महिन्यांनी तो शेवटचा कागद आला.

खडक ओलांडून दोघं गुहेच्या तोंडाशी पोचली तेव्हा समुद्र खूप मागे गेला होता. आत शिरल्याबरोबर भावजींनी एक चष्मा काढला, दहा पावलांवर दुसरा, आणि वहिनींच्या मनात आलं, हा माणूस घरी येतो तेव्हा पाहुणा असतो, घर याचं हे इथे आहे. गुहेच्या पोटात गार वारा होता. वटवाघळांची कुजबुज, आणि सगळीकडून टप, टप, टप, एकही दुसऱ्याशी जुळत नाही असं.

भावजी सरळ आपल्या आवडत्या जागी गेले. तिथे वरून एक खांब खाली आला होता आणि खालून एक वर गेला होता. दोघांत बोटभर अंतर. भावजींनी त्यांचं नाव 'व्याही' ठेवलं होतं; भेटायला दोघंही निघालेत, पण आधी पुढे कोण होणार यावर अडून बसलेत. एकतीस वर्षांत ते अंतर शिवणाच्या दोऱ्याच्या जाडीइतकं कमी झालं होतं, हे भावजींनी दोरा लावून पाहिलं होतं.

"वहिनी, मी तिकडे गेलो तर यांना रोज कोण बघेल?"

"जात नाही तुम्ही. मी सांगते ना साहेबाला. चूक माझी आहे, मी कबूल करीन. खरं बोलल्यावर देव काही वाऱ्यावर सोडत नाही."

तेवढ्यात बाहेरून हाक आली. "कोण आहे का केंद्रात?"

निरीक्षक होडीतून उतरून पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभा होता. गोल चेहऱ्याचा, नम्र माणूस. एका काखेत कागदांची पिशवी, दुसऱ्या हातात तराजू.

"नमस्कार. उत्पादन कुठे ठेवलंय?"

"वर बघा," भावजी म्हणाले.

साहेबाने वर पाहिलं. "मीठ वर ठेवता?"

"ठेवत नाही साहेब. ते आपणहून लोंबतं."

साहेबाने तशी नोंद केली. मग एका थेंबाखाली तराजू धरला आणि बराच वेळ अगदी सरळ उभा राहिला. बारा थेंब पडले. काटा हलला नाही. मग तो त्या गुळगुळीत खांबापाशी गेला, चष्मा पुसला, आणि भावजींना काही म्हणायला सुचायच्या आत चाटला.

"अळणी," तो म्हणाला. लिहितानाही पुटपुटला, "चव, अळणी." मग पेन थांबलं. "आता अडचण अशी आहे काका, की शेऱ्यासाठी इथे दोनच रकाने आहेत. 'निकृष्ट' आणि 'निरंक'. निकृष्ट असेल तर केंद्र चालू राहतं, सुधारणेला वाव म्हणून. निरंक असेल तर बंद."

"मग निकृष्ट लिहा ना साहेब!" भावजींनी हातच जोडले. "अगदी निकृष्ट आहे हो. याहून निकृष्ट मीठ तुम्हाला कुठे मिळायचं नाही."

"निकृष्टाला निदान थोडा खारटपणा लागतो."

"तिकडे तोंडाशी एक खांब आहे, भरतीचं पाणी त्याला लागतं. तो खारट असेल थोडा."

"ते समुद्राचं झालं," साहेब हळहळला. "समुद्र आमच्याकडे आधीच नोंदलेला आहे."

आता मात्र वहिनी पुढे झाल्या. मनात देवाचं नाव घेतलं, आणि वर्गापुढे उभं राहावं तशा उभ्या राहिल्या.

"साहेब, फलक मी लिहिला. तो शब्द माझा. यात मीठ नाही, कधी नव्हतं. लवण म्हणजे इथे चुन्याचा क्षार. चूक माझी आहे. यांची शिक्षा रद्द करा, मला काय करायची ती करा."

साहेबाने आदराने ऐकून घेतलं. कागद खालवर केला. "बाई, शब्द कुणी लिहिला याला इथे रकानाच नाही. आणि क्षार म्हणालात तर तोही आमच्याकडेच येतो. रकाना चार."

खरं बोलून झालं होतं आणि काहीही झालं नव्हतं. भावजी व्याह्यांपाशी गेले, खिशातून फडकं काढलं आणि खालच्याच्या डोक्यावरचे वटवाघळाचे शिंतोडे पुसायला लागले. पुसून झालं तरी पुसतच राहिले. साहेबाने पेनचं टोपण काढलं.

वाकून पुसणाऱ्या भावजींकडे, आणि त्यांच्यावर तसाच वाकून आल्यासारख्या त्या वरच्या खांबाकडे बघता बघता वहिनींना ते दिसलं. तीस वर्षं शिकवलेला शब्द, पण या बाजूने कधी बघितलाच नव्हता.

"थांबा!" त्या इतक्या जोरात म्हणाल्या की दोन वटवाघळं उडाली. "साहेब, तुमचं शिक्षण कुठल्या माध्यमात?"

"मराठीच, बाई," साहेब एकदम सरळ उभा राहिला.

"मग 'लवणे' या क्रियापदाचा अर्थ सांगा."

साहेबाच्या कपाळावर आठ्या पडल्या. "लवणे... लवणे म्हणजे... वाकणे?"

"शाब्बास. वाक्यात उपयोग करा."

"फळांच्या भाराने फांदी लवली."

"आणखी?"

"देवापुढे माथा लवला."

"आता वर बघा आणि सांगा. अधोमुखी. खाली तोंड केलेला. देवापुढे लवलेला खांब तो लवणस्तंभ. यात मीठ कुठून आलं? माणसाची पापणी लवते, म्हणून तिच्यात मीठ असतं का?"

साहेबाने खरोखर विचार केला. "अश्रूंत असतं, बाई."

"पापणीत विचारलं मी."

"नाही. पापणीत नसतं."

गुहेत टपटप चालू राहिली. वहिनींच्या मनात आलं, आपण खोटं बोललो का? बोलून गेल्यावर त्यांनी पुन्हा वर पाहिलं. चारशे अकरा खांब खाली मान घालून उभे होते, हजारो वर्षं, कुणी बघो न बघो. आणि त्यांना वाटलं, छे, खोटं काय त्यात? पाठ्यपुस्तकाने सांगितलं तेच तेवढं अपुरं होतं. नुसत्या क्षाराला असं उभं राहता येत नाही.

साहेबाने मीठ खात्याचा कागद घडी घालून पिशवीत टाकला. त्याला मोकळं वाटलेलं दिसत होतं. "म्हणजे हे केंद्र आमचं नाहीच. काका, तुमची बदली आमच्याकडून रद्द." मग पिशवीतून दुसरा, गुलाबी कागद काढला. "फक्त एक करावं लागेल. बाई म्हणतात त्याप्रमाणे हे खांब लवलेले आहेत. म्हणजे वाकलेले. बरोबर?"

"बरोबर," वहिनी जरा दबकत म्हणाल्या.

"आणि छप्पर त्यांच्यावर आहे."

"छप्पर त्यांच्यावर नाही, ते छपराला—"

"एकूण किती?"

"चारशे अकरा," भावजींच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"बापरे!" साहेबाने मान खाली घेतली आणि चार पावलं बाहेरच्या बाजूला सरकला. "चारशे अकरा वाकलेले खांब! हे धोकादायक इमारतींकडे कळवायला हवं. तोपर्यंत कुणी खाली येऊ नये म्हणून राखण लागणार, तेव्हा काका इथेच राहतील. ते लोक येतील वर्षा-दोन वर्षांत. प्रत्येक खांबाला टेकू लावून देतात. काम चोख असतं त्यांचं."

त्याने सही केली, वहिनींना वाकून नमस्कार केला, "तुमच्यासारख्या बाई असत्या ना मला, तर मी मिठात नसतो," असं म्हणाला, आणि होडीत बसून गेला.

भरती पुन्हा चढायला लागली होती. परतायला अजून तासभर वेळ होता. दोघं गुहेच्या तोंडाशी सावलीत बसली. भावजींनी अजून चष्मे चढवले नव्हते. त्यांचे डोळे ओले होते. उजेडाने की कशाने, वहिनींनी विचारलं नाही. आपण या माणसाला वाचवलं असं त्यांना वाटत होतं, आणि व्याह्यांच्या मधल्या त्या बोटभर जागेत कुणीतरी लाकडाचा टेकू ठोकतंय असंही डोळ्यांपुढे येत होतं.

"वहिनी," भावजी म्हणाले, "ते टेकूवाले येतील त्या दिवशी तुम्ही याल ना माझ्याबरोबर?"

"न येऊन सांगते कुणाला? येणारच. आणि मी त्यांना नीट समजावून सांगेन, की स्तंभ हा शब्द मुळात—"

भावजींनी दोन्ही हात जोडले.

"या. माझ्याजवळ बसा. येताना थर्मासमध्ये चहा आणा. पण वहिनी, पाया पडतो तुमच्या, अर्थ तेवढा सांगू नका."